बिनभोकाची पावशी

मंदाबाईची पावशी चोरीला गेली त्याला चार वर्षं झाली होती, आणि या चार वर्षांत धनीरामच्या घरात अशी एकही भाजी शिजली नव्हती जिच्यात त्या पावशीचं नाव पडलं नाही. वांगं जाड कापलं गेलं तरी पावशी, बोट कापलं तरी पावशी. आणि धनीरामने चुकून भाजीला नाव ठेवलं, तर पावशी, पावशी घडवून देणारा मंदाबाईचा बाप आणि पावशी जिथून आली ते आंबागड, असं सगळं सासर-माहेर ताटात येऊन बसायचं.

पावशी म्हणजे तिकडे पुण्याकडचे लोक जिला विळी म्हणतात ती. पण विळीवर कोथिंबीर चिरतात; इकडे दिघोरी गावच्या पावशीवर अख्खं कोहळं दोन फटक्यांत फुटतं. त्यातही मंदाबाईची पावशी म्हणजे काही विचारू नका. तिच्या बापाने सागवान वाहणाऱ्या ट्रकच्या तुटक्या कमानपट्ट्याची ती खास करवून घेतली होती. "कानस मारली तं कानस घासते, पावशी नाई घासत," हे मंदाबाईचं वाक्य धनीरामला आपल्या पेन्शन नंबरापेक्षा जास्त पाठ होतं.

दिघोरीत धनीरामच्या मोहल्ल्याची रीत अशी, की लगन असो की तेरवी, आचारी फक्त शिजवायला येतो. चिरायचं काम मोहल्ल्यातल्या बायांचं. आदल्या दिवशी दुपारी प्रत्येक बाई आपापली पावशी काखेत मारून येते, मांडवात ओळीने बसते, आणि दोन-तीन तासांत क्विंटलभर वांगी, कोहळी नि सोबत गावातल्या झाडून सगळ्या सुना चिरून मोकळी होते. चार वर्षांपूर्वी शेजारच्या भैय्यालालच्या आईची तेरवी होती. मंदाबाई पावशी घेऊन गेली, आणि दोन दिवसांनी बघते तर घरात पावशी नाही. भैय्यालालची बायको लीलाबाई म्हणाली, "मी नाई पाह्यली बाई." इतक्या लवकर नाही म्हणते म्हणजे हिनेच घेतली, असा निकाल मंदाबाईने उभ्याउभ्या दिला. तेव्हापासून दोन्ही घरांची भिंत सामाईक राहिली, बाकी काही सामाईक राहिलं नाही. मंदाबाईने बाजारातून एक पातळशी पावशी आणली आणि तिच्यावर रोज भाजीपेक्षा राग जास्त काढला.

आता लीलाबाईच्या मुलीचं, दीपमालाचं लगन ठरलं. शनिवारी लगन, शुक्रवारी हळद. म्हणजे शुक्रवारी दुपारी पुन्हा मोहल्ल्यातल्या सगळ्या पावश्या एका मांडवात येणार. ही बातमी ऐकली आणि धनीरामच्या डोक्यात योजना फिरू लागली.

धनीराम एका मोठ्या कारखान्यातून तेहेतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाला होता. गावात तो 'मशीनवाला' म्हणून प्रसिद्ध. कारखान्यात तो नेमकं काय करायचा, हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलं नव्हतं. तो औजारांच्या भांडाराच्या खिडकीत बसायचा. कामगार यायचा, आपल्या नंबराचा पितळी बिल्ला द्यायचा, ड्रिल घेऊन जायचा. संध्याकाळी ड्रिल द्यायचा, बिल्ला घेऊन जायचा. तेहेतीस वर्षांत धनीरामच्या हातून लाखभर ड्रिल गेली असतील. भोक एकही गेलं नव्हतं. पण लग्नात अक्षता वाटणाऱ्यालाही पुढे पुढे आपणच लग्न लावतो असं वाटू लागतं. निवृत्तीच्या पैशांतून त्याने एक जुनं उभं ड्रिल मशीन विकत घेतलं, गोठ्यातली गाय अंगणात बांधली, आणि गोठ्याच्या दारावर पाटी लावली: 'वर्कशॉप. परवानगीशिवाय आत येऊ नये.' गाय सोडून सगळ्यांनी ती पाळली.

"आयक," रविवारी सकाळी तो मंदाबाईला म्हणाला. "मी मोहल्ल्यातल्या सबन पावश्या गोळा करतो. हरेक पावशीले भोक पाडतो, भोकात नंबराचा पितळी बिल्ला अडकवतो. मंग कोनाची पावशी कोनाकडे जाची गोष्टच नाई."

"कायले?" मंदाबाई म्हणाली.

"अवं, हे तं लोकायले सांगाले." धनीरामने आवाज उतरवला. "अंदरची गोष्ट अशी, का तुह्या बाबाची पावशी लगीत कडक. म्हंजे ड्रिल लावलं का बाकीच्यायले भोक पडन, तुह्या पावशीले पडनार नाई. जिले भोक पडलं नाई, ते आपली! चोर सापडला का नाई?"

आपल्या बुद्धीचं त्याला इतकं कौतुक वाटलं की त्याने स्वतःच मान डोलावली. मंदाबाईने मात्र तांदूळ निवडता निवडता सूप खाली ठेवलं.

"जाऊ द्या नं जी," ती म्हणाली. "झालं ते झालं. टुरीचं लगन हाय बिचारीच्या."

धनीराम बघतच राहिला. चार वर्षं जिने लीलाबाईला 'चोट्टी'शिवाय दुसरं नाव घेतलं नाही, तिच्या तोंडात 'बिचारी'! वय झालं की माणूस मोठ्या मनाचं होतं, असं त्याने ऐकलं होतं. आपल्या घरात ते कधी पाहिलं नव्हतं, म्हणून त्याला भरून आलं. आणि आता तर काही झालं तरी ही पावशी शोधून तिच्या हातात ठेवायचीच, असा त्याने निश्चय केला.

दुपारपर्यंत तो घरोघर फिरला. कारखान्यातली सवय, वही काढली, अनुक्रमांक, नाव, सही, अंगठा. एक नंबरला लगनघरची म्हणून लीलाबाई. तिने पावशी दिली, सही केली आणि म्हणाली, "सांभाळून करा बाप्पा भाऊजी. शुक्रवारी तीनशे पानं उठाचे हायेत." सत्तावीस नंबरला मंदाबाईची ती बाजारातली पातळ पावशी. झाडून सत्तावीस. मोहल्ल्यात सत्तर वर्षांची बेबीबाई चिरणाऱ्या बायांची पुढारी. ती पावशी सोडायला तयार नव्हती.

"तुमी भोक पाडाल, मंग आमी चिरावं कसं?"

"अवं आत्या, भोक कडेले राहीन. उद्याच आणून देतो."

"उद्या म्हंजे कोनता उद्या?" बेबीबाईने विचारलं. प्रश्न पहिल्या दिवशीच योग्य होता.

सोमवारी सकाळी शुभमुहूर्तावर धनीरामने पहिली पावशी शिकंज्यात आवळली. भैय्यालाल बाजूला खाटेवर बसला होता. बायका बोलत नसल्या तरी नवऱ्यांचं बोलणं चालू होतं. बायकांच्या भांडणात नवऱ्यांनी पडायचं नाही एवढी अक्कल दोघांना होती. मशीन गरगर फिरू लागलं. धनीरामने दांडा दाबला. ड्रिल पात्यावर टेकलं, आणि असा आवाज निघाला की अंगणातली गाय दावं तोडून भैय्यालालच्या मांडवात घुसली. पाच मिनिटांनी धूर निघाला. धनीरामने दांडा वर घेतला. पात्यावर एक चकचकीत ठिपका होता, बाळाला काजळ लावतात तेवढा. ड्रिलचं टोक निळं पडून बोथट झालं होतं.

"पडलं का भोक?" भैय्यालालने विचारलं.

"नाई!" धनीराम आनंदाने ओरडला. भोक पडलं नाही म्हणजे पावशी सापडली! आणि ती पावशी एक नंबरची होती, लीलाबाईची. मंदाबाईचा संशय खरा! पण कारखान्यात तेहेतीस वर्षं काढलेला माणूस एका पुराव्यावर थांबत नाही. त्याने नवं ड्रिल लावून दुसरी पावशी घेतली. तिलाही पडलं नाही. तिसरीलाही नाही. संध्याकाळपर्यंत नऊ ड्रिल निळी पडली आणि नऊच्या नऊ पावश्या मंदाबाईच्या बापाच्या ठरल्या.

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की या तालुक्यातला प्रत्येक बाप आपल्या लेकीला ट्रकच्या कमानपट्ट्याचीच पावशी देतो.

खरं तर इथेच थांबून सगळ्या पावश्या परत करता आल्या असत्या. पण तोवर गावात बोभाटा झाला होता की 'मशीनवाल्याकडून एक भोक पडत नाही'. आता प्रश्न मंदाबाईच्या पावशीचा राहिला नव्हता. तेहेतीस वर्षांचा होता.

संध्याकाळी इश्वर लोहार रस्त्याने जाताना आत डोकावला. "काय करून रायला गा भाऊ?"

"भोक."

"पावशीले? मले देजो बरं एक मिनिट. मी सांगतो कुठं..."

"इश्वरभाऊ, हे टेक्निकल काम हाय," धनीराम म्हणाला. "याच्यात घन चालत नाई."

इश्वरने पाटी वाचली, "बरं बाप्पा," म्हणाला आणि गेला.

मंगळवारी धनीराम एसटीने भंडाऱ्याला गेला. पितळेच्या दुकानातून सत्तावीस गोल बिल्ले घेतले, हार्डवेअरच्या दुकानातून कोबाल्टची दोन ड्रिल घेतली. दुकानदार म्हणाला, "हळू फिरवा, तेल सोडत रहा, घाई करू नका." धनीरामने तेहेतीस वर्षं हेच वाक्य खिडकीतून इतरांना सांगितलं होतं, त्यामुळे ते आपल्यासाठी नाही असं त्याने धरलं. पहिलं कोबाल्ट कडकन मोडलं आणि त्याचा तुकडा छपराचं कवेलू फोडून आकाशात गेला. दुसरं मोडलं ते पात्यातच अडकून बसलं. दहा नंबरच्या पावशीला आता भोक तर नव्हतंच, उलट नाकात मोरणी घातल्यासारखा कोबाल्टचा खडा बसला होता. ज्या बाईची ती होती तिला धनीरामने नंतर सांगितलं, की तुझ्या पावशीत सगळ्यांत महाग धातू आहे.

बुधवारी भैय्यालालने मांडवाच्या विजेवाल्याकडून भिंत फोडायचं ड्रिल आणलं. "सिमिटाले भोक पाडते, तं पावशी काय चीज हाय?" त्याचा तर्क बिनतोड होता. ड्रिल ठोके देत फिरू लागलं, पावशी शिकंज्यातून सुटली आणि भैय्यालालच्या दोन पायांच्या मधून जाऊन खाटेच्या गाताच्या लाकडात रुतली. भैय्यालालने वाकून खाली पाहिलं. मग उठला, हळूच स्वतःची सगळी मोजदाद केली आणि म्हणाला, "मले मांडवाचं काम हाय." त्यानंतर तो दारातूनच सल्ले द्यायचा.

इकडे मोहल्ल्यात चार दिवस चिरणं बंद होतं. पहिल्या दिवशी सगळ्यांकडे वरण झालं. दुसऱ्या दिवशी वरण झालं. तिसऱ्या दिवशी घराघरांत वांग्याचं भरीत झालं, कारण वांगं भाजायला पावशी लागत नाही. चाकू होते, पण ते लिंबू कापायच्या लायकीचे. बेबीबाईच्या नातसुनेने असल्या चाकूने कोहळं कापायला घेतलं, तर चाकूची मूठ हातात राहिली आणि पातं कोहळ्यात. ते कोहळं घेऊन बेबीबाई वर्कशॉपच्या दारात आली.

"धनीराम, तुहा उद्या झाला नाई का अखीन?"

"प्रोसेसमधी हाय आत्या."

"प्रोसेसमधी काय हाय? पावशी का तू?"

बुधवारी संध्याकाळी धनीरामला मोबाइलवर एक व्हिडिओ सापडला. त्यात परदेशातला एक दाढीवाला माणूस शांतपणे सांगत होता, की कडक पोलाद आधी लालभडक तापवावं आणि राखेत पुरून अगदी सावकाश थंड होऊ द्यावं. मग ते लोण्यासारखं नरम होतं आणि भोक सहज पडतं. व्हिडिओ अकरा मिनिटांचा होता. सातव्या मिनिटाला दाढीवाल्याने भोक पाडलं. धनीराम "अरे वा!" म्हणाला आणि मोबाइल खिशात टाकला. राहिलेल्या चार मिनिटांत त्या दाढीवाल्याने काय सांगितलं, हे दिघोरीला शुक्रवारी कळणार होतं.

राखेला धानाच्या मुलखात काय तोटा? गोठ्यामागे तुसाचा डोंगर होता. गुरुवारी धनीरामने लाकडी पाट जळू नयेत म्हणून सत्तावीसही पाती पाटांपासून काढली. पाटांवर बायांच्या खुणा होत्या, कुणाचा डाग, कुणाचा खिळा, कुणाच्या सुनेने रंगवलेलं फूल. पात्यांवर काहीच नव्हतं. हे त्याला पाती काढून झाल्यावर दिसलं. 'नंतर पाहू,' तो स्वतःशी म्हणाला. जगातल्या निम्म्या संकटांचं बारसं याच दोन शब्दांनी होतं.

बाभळीच्या लाकडांची भट्टी पेटवून त्याने समोर धान उडवायचा पंखा लावला. पाती लाल झाली, नारिंगी झाली, मग चिमट्याने एकेक उचलून पेटत्या तुसाच्या ढिगात पुरली. दुपारभर ढीग धुमसत राहिला. मंदाबाई एकदा येऊन पाहून गेली.

"पावश्यायची तेरवी करून रायले का जी?"

"सायन्स हाय हे," धनीराम म्हणाला.

शुक्रवारी सकाळी पाती काढली. काळी, कोमट, शांत. धनीरामने पहिलं पातं लावलं, दांडा दाबला, आणि ड्रिल असं आत गेलं जसं पाहुणा जेवायला बसतो. जिलेबीसारखा वेटोळा कीस बाहेर आला. भोक! गोल, गुळगुळीत, आरपार! धनीरामने ते डोळ्याला लावून त्यातून अंगणातली गाय पाहिली. तेहेतीस वर्षांची तपश्चर्या फळाला आली होती. अकरापर्यंत सत्तावीस भोकं पडली, सत्तावीस बिल्ले अडकले. कुठलं पातं कुणाचं हे कळायला मार्ग नव्हता, म्हणून ज्या पाटात जे बसलं ते ठोकलं. मंदाबाईच्या बापाची म्हणावी अशी एकही पावशी निघाली नाही, सगळ्यांना भोक पडलं. पण आज त्याला त्याचंही दुःख नव्हतं. बारा वाजता तो मांडवात गेला आणि पारितोषिकं वाटावीत तसे बायांच्या हातात पावश्या देऊ लागला.

"हे माही नाई," पहिली म्हणाली.

"पाट तुहा हाय नं?"

"पाट माहा हाय. पातं कोनाचं हाय?"

"नंबर पाय नं. नंबर तुहाच हाय."

चार वर्षं मोहल्ल्यात एकच बाई पावशीवरून भांडत होती. साडेबाराला सत्तावीस भांडू लागल्या. शेवटी बेबीबाईनेच आवाज चढवला, "अवं, आता चिरा माय! पंगत संध्याकाळची हाय. वाटे मंग करा." ती ओळीच्या टोकाला बसली, पाटावर पाय ठेवला, भलंमोठं कोहळं दोन हातांत धरलं आणि पात्यावर दाबलं.

कोहळं तसंच राहिलं. पावशी वाकली. हळूहळू, अदबीने, थोरामोठ्यांपुढे सून वाकते तशी पुढे वाकली आणि तिने कोहळ्याच्या पाया पडून बेबीबाईच्या पदराला डोकं टेकवलं.

सगळ्या बायांनी माना पुढे काढल्या. मग बाजूच्या बाईने वांगं लावलं. वांगं चेंबलं. तिसरीच्या पात्यावर बटाटा बसला नि तिथेच राहिला. मंदाबाईची बाजारातली सत्तावीस नंबरची तर पापडासारखी गुंडाळली. चाळीस किलो कोहळं, सत्तर किलो वांगी, संध्याकाळी तीनशे माणूस, आणि मोहल्ल्यात एकाही पात्याला धार नाही.

"भाऊजी," लीलाबाई इतकंच म्हणाली. तिच्या हाताला मुलीसाठी कालवलेली हळद होती आणि चेहरा हळदीपेक्षा पिवळा झाला होता. "पावने काय म्हनतीन जी? टुरीच्या हळदीले वरण-भात?" आणि डोळ्याला हात लावला, तो हळदीचाच.

इश्वर लोहाराला पळत जाऊन आणलं. त्याने एक पातं उचललं, दोन बोटांनी वाकवलं, सरळ केलं, पुन्हा वाकवलं.

"पोलादाचा जीव काढला गा भाऊ तू," तो म्हणाला. "नरम केलं तं परत कडक नाई का करा लागत? लाल करून तेलात विझवा लागते."

शेवटची चार मिनिटं ती हीच होती.

"आन भोकच पाहिजे होतं," इश्वर पुढे म्हणाला, "तं शेपटात पाडाचं. लाकडात जाते ते शेपूट. ते आमी नरमच ठेवतो. खिळ्यानं भोक पडते तिथं, दोन ठोक्यात. सोमवारी तेच सांगाले आलतो."

धनीरामने वर पाहिलं. मांडवाच्या कापडाला भोक असतं तर त्यातून तो निघून गेला असता.

इश्वरने आपली भट्टी पेटवली. आचाऱ्याचा तेलाचा डबा पाती विझवायला घेतला. आचारी रडला, पण त्याला कुणी विचारलं नाही. "उद्याच्या पंगतीले सबन पावश्या देतो," इश्वर म्हणाला, "आजचं माह्याच्यानं होत नाई. सत्तावीस हायेत बाप्पा. तापवा लागते, विझवा लागते, धार लावा लागते."

म्हणजे हळदीची पंगत गेली. लीलाबाई मांडवाच्या खांबाला धरून बसली. बायांनी धनीरामकडे पाहणंही सोडून दिलं, ते जास्त वाईट होतं. धनीरामने बायकोकडे पाहिलं. मंदाबाई लीलाबाईकडे बघत होती. मग वांग्यांच्या ढिगाकडे. मग पुन्हा लीलाबाईकडे. तिच्या चेहऱ्यावर असं काही चाललं होतं जसं तिच्या आत दोन बाया भांडताहेत आणि तिसरी सोडवायला गेली आहे.

"थांबा," ती एकदम म्हणाली आणि उठून घराकडे गेली.

पाच मिनिटांनी ती परत आली ती काखेत जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. लुगडं सोडलं. आत पावशी होती. काळीभोर, जाड पाठीची, उन्हात धार चमकणारी. बेबीबाईने न विचारता ती ओढली, कोहळं लावलं. खच्च! कोहळ्याचे दोन तुकडे दोन दिशांना लोळले.

"हे कुठून आली वो?" सगळ्या एका तोंडाने म्हणाल्या.

मंदाबाईने पापणीही लववली नाही. "आमच्या यायनं शोधून काढली," ती धनीरामकडे हात करून म्हणाली. "याच्यासाठी तं केलं एवढं! सबन पावश्यायले भोक पडलं, हिले पडलं नाई. पाहा, हाय का भोक? माह्या बाबाची पावशी. ओळखू आली."

सगळ्यांनी पाहिलं. भोक नव्हतं. मांडवात कौतुकाची लाट उसळली. "म्हंजे चोर पकडाची मशीन हाय तं!" एक म्हणाली. "आमाले वाटलं बह्याड झाला बुवा," दुसरी म्हणाली. बेबीबाई चिरता चिरता थांबली. "पन मंग हे इतके दिवस कोनाच्या घरी होती?"

"जाऊ द्या नं आत्या," मंदाबाई मोठ्या मनाने म्हणाली. "लगनघर हाय. नाव कायले काढाचं?"

नाव काढायची गरज नव्हती. बावन्न डोळे लीलाबाईकडे वळले.

धनीरामने मात्र लुगड्याकडे पाहिलं. लुगड्याच्या घडीतून सुकलेला कडुनिंबाचा पाला खाली पडला होता, आणि चार-पाच दाणे धानाचे. धान कणगीत भरताना कीड लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला घालतात. आणि कणगी तेरवीनंतर दुसऱ्या दिवशीच भरली होती. मंदाबाईने पावशी कुणी नेऊ नये म्हणून स्वतःच कणगीत ठेवली असणार, विसरली असणार. आणि दोन वर्षांपूर्वी कणगी तळापर्यंत रिकामी केली तेव्हा ही बाई आठ दिवस गप्प गप्प का होती, याचाही उलगडा आत्ता झाला. तोवर लीलाबाईला दोन वर्षं चोट्टी म्हणून झालं होतं. आता पावशी सापडली म्हणून सांगायचं, तर दोन वर्षांचं बोललेलं परत गिळावं लागणार. त्यापेक्षा पावशी झाकून ठेवलेली बरी.

बाया आळीपाळीने त्या एका पावशीवर बसल्या. एकीचा हात दुखला की दुसरी. पाच वाजता हंडे चढले. धनीरामला कुणीतरी पहिला चहा आणून दिला. एक म्हातारा येऊन म्हणाला, "धनीरामभाऊ, माहा कोयता गेला होता मागल्या साली. गावातले सबन कोयते गोळा करतो का?" धनीरामने चहा अंगावर सांडला.

तो वही काखेत धरून आचाऱ्याच्या भट्टीपाशी उभा होता तेव्हा लीलाबाई जवळ आली. हात धुतले होते, डोळे पुसले होते.

"भाऊजी," ती हळूच म्हणाली, "तुमच्या वहीत किती पावश्या हायेत जी?"

"किती म्हंजे... हायेत."

"एक नंबर माही. सत्तावीस नंबर मंदाबाईची बाजारातली. सत्तावीसले सत्तावीस बिल्ले, सत्तावीसले सत्तावीस भोकं. सबनच्या सबन तिकडे इश्वरभाऊच्या भात्यापाशी हायेत. आत्ताच मोजून आली मी." ती थांबली. "मंग हे कोहळं चिरून रायली, हे अठ्ठाविसावी कोनाच्या घरून आली?"

धनीरामने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. तेहेतीस वर्षं ज्याने एक बिल्ला इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता, त्या माणसाने वही भट्टीत टाकली. कागद पेटला, अंगठे जळाले, सह्या जळाल्या.

लीलाबाई आगीकडे बघत राहिली आणि चार वर्षांत पहिल्यांदा मनापासून हसली.

"जाळली तं जाळली जी," ती म्हणाली. "मले येते मोजता."

तिने मांडवात काही सांगितलं नाही. पंगत उठली, दुसऱ्या दिवशी इश्वरच्या पावश्यांवर लगनाची भाजी झाली, दीपमाला सासरी गेली. सत्तावीस घरांत आजही पाट आपला आणि पातं दुसऱ्याचं आहे, पण धार चांगली असल्यामुळे कुणी बोलत नाही. वर्कशॉपची पाटी उतरली, गाय परत गोठ्यात गेली. मंदाबाई आणि लीलाबाईचं बोलणं सुरू झालं. इतकं सुरू झालं की मोहल्ला चकित झाला. सकाळी पहिलं दही भिंतीवरून पलीकडे जातं. नवा तांदूळ निघाला की पहिली पायली पलीकडे जाते. लोक म्हणतात, शेजारधर्म शिकावा तर मंदाबाईकडून.

एखाद्या दिवशी दही द्यायला उशीर झाला, तर लीलाबाई ओरडत नाही, मागत नाही. ती भिंतीपलीकडे भांडी घासता घासता सहज, स्वतःशीच म्हणावं तसं मोजू लागते, "पंचवीस... सव्वीस..." आणि इकडे धनीराम खाटेवरून उडी मारून वाटी शोधायला धावतो.

सत्तावीसच्या पुढे तिला अजून एकदाही जावं लागलेलं नाही.